शाब्बास म्हटल्यावर फाटलेलं चित्र

चित्रकलेचा तास चालू होता आणि मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. माझा ऑफ पिरियड होता, स्टाफरूममध्ये कसलीतरी मीटिंग, म्हणून इथे येऊन बसलेले. वर्गात तो चित्रकलेच्या तासाचा टिपिकल आवाज, म्हणजे गोंगाट नाही पण शांतताही नाही, रंगपेट्या खडखडतायत, कुणाचं तरी पाणी सांडलंय, कुणी खोडरबर मागतंय. भिंतीला पाठ लावून, दाराजवळच्या बाकावर तो एकटा बसला होता आणि चक्क कामात होता. एरवी या मुलाच्या नावाने दर दोन दिवसांनी तक्रार येते. मी मान उंच करून बघितलं तर त्याने एक बस काढली होती, पण वरून दिसते तशी, छत काढून टाकल्यासारखी. सीटांच्या रांगा, ड्रायव्हरचं डोकं, पुढचं दार, मागचं दार, आपत्कालीन खिडकी, सगळं जिथल्या तिथे. बाकीच्यांनी डोंगर आणि सूर्य काढले होते. चित्रकलेच्या मॅडम फिरत फिरत त्याच्यापाशी आल्या आणि मनापासून खूश होऊन म्हणाल्या, अरे वा, शाब्बास! बघा रे सगळ्यांनी याने काय काढलंय! आणि कागद उचलून वर धरला.

पुढचं सगळं इतक्या झटकन झालं की मला नीट क्रमही आठवत नाही. त्याने कागद हिसकावला, दोन तुकडे, चार तुकडे, मग रंगपेटी जमिनीवर, मग बाकाला लाथ. "मला नको!" एवढंच ओरडला. काय नको ते नाही सांगितलं. मॅडमचा हात अजून तसाच वर होता.

स्टाफरूममध्ये नंतर अर्थातच चर्चा झाली. एकाचं मत नाटकं करतो, दुसऱ्याचं मत फार लाडावलाय, तिसरे म्हणाले घरचं वळण. जे दर वेळी होतं तेच. पण चित्रकलेच्या मॅडम मात्र खरंच दुखावल्या होत्या, त्या म्हणाल्या, मी त्याला ओरडले असते आणि त्याने असं केलं असतं तर मी समजू शकले असते हो, पण मी तर कौतुक केलं. हे वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. कारण मला वाटतं त्या ओरडल्या असत्या तर त्याने चित्र फाडलंच नसतं. ओरडणं त्याच्या ओळखीचं आहे. मोठं माणूस ओरडलं की पुढे काय होतं, किती वेळ चालतं, मान किती खाली घालायची, कुठे बघायचं नाही, हे त्याला पाठ आहे. कौतुकाचं काय करायचं? अचानक सगळा वर्ग आपल्याकडे वळलाय, एक मोठं माणूस अगदी जवळ उभंय, आपली वस्तू त्याच्या हातात आहे, आणि यानंतर काय होतं ते माहीत नाही. काही घरांमधे मोठ्यांचं लक्ष आपल्याकडे जाणं हीच धोक्याची गोष्ट असते. काही घरांमधे गोड बोलणं हे पुढच्या तडाख्याच्या आधीचं असतं. त्याच्या बाबतीत नक्की काय, हे मला पूर्ण माहीत नाही आणि जे माहीत आहे ते मी इथे लिहिणार नाही. पण स्वतःच फाडून टाकलं की निदान शेवट तरी आपल्या हातचा, एवढा हिशोब मला त्यात दिसला.

हिशोब म्हणतेय, पण तो विचार करून केलेला नसतो हेच तर सगळ्यांना पटवणं अवघड जातं. आपल्या मेंदूत अमिग्डाला नावाचा एक छोटासा भाग असतो, धोका ओळखणं हे त्याचं मुख्य काम, आणि त्याचं काम विचारापेक्षा खूप फास्ट चालतं. धोका वाटला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल वगैरे ताणाची संप्रेरकं सुटतात, हृदय धडधडतं, स्नायू ताठ होतात, आणि कपाळामागचा जो भाग थांब, विचार कर, परिणाम बघ असं सांगतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो तेवढ्यापुरता बाजूला पडतो. हे तुमचं माझं सगळ्यांचंच होतं, गाडीसमोर अचानक कुणी आलं की ब्रेक आधी दाबला जातो, भीती नंतर वाटते. फरक इतकाच की जे मूल लहानपणी रोज सावध राहूनच जगलंय त्याच्यात ही यंत्रणा फार लवकर चालू होते आणि फार उशिरा बंद होते. त्यामुळे त्या क्षणी "शांत हो" म्हणणं, "तू असं का केलंस" विचारणं याला काही अर्थ नसतो. ज्या भागाने उत्तर द्यायचं तोच भाग जागेवर नसतो. मुलं म्हणतात "माहीत नाही", आणि आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात.

सेथ पोलॅक नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, सुरुवातीला इतके धूसर की काहीच कळू नये, मग हळूहळू स्पष्ट करत न्यायचे, आणि चेहऱ्यावर कोणती भावना आहे ते ओळखायला सांगायचं. ज्या मुलांनी घरी मार खाल्लेला होता त्यांना रागावलेला चेहरा बाकीच्या मुलांच्या आधी ओळखता आला, म्हणजे फोटो पुरेसा स्पष्ट झालेला नसतानाच. दुसऱ्या एका प्रयोगात मिश्र चेहरे होते, थोडी भीती थोडा राग असे, त्यातही या मुलांना राग जास्त दिसला. मी हे वाचलं आणि मला आमचाच वर्ग दिसला. डोकं दुखत असतं म्हणून मी कपाळाला आठी घालून फळ्याकडे वळते, आणि मागून आवाज येतो, मी काय केलं? अरे बाबा, तू काहीच नाही केलंस. पण त्याने माझी आठी माझ्या आधी वाचलेली असते.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात असं आपण म्हणतो. या मुलांचं त्याहून वाईट असतं, कधी पोळलं ते त्यांना आठवतच नाही, फुंकण्याची सवय तेवढी राहिलेली असते.

आणि तरी हा मुलगा दिसतो तरी. लाथ मारतो, ओरडतो, त्याच्यावर मीटिंगा होतात, काउन्सिलरकडे पाठवतात. मला जास्त छळते ती एक मुलगी, खूप जुनी गोष्ट आहे, माझ्या पहिल्यापहिल्या वर्गातली. अक्षर मोत्यासारखं, कधी उलटून बोलली नाही, वर्गात आहे की नाही हेही कळायचं नाही. शाळा सुटायच्या आधी शिपाईमामा वरच्या मजल्यावरची दारं लावायला यायचे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जिन्यावरून तो आवाज येऊ लागला की हिचं पेन थांबायचं. अक्षराच्या मधोमध. शाईचं पेन होतं, निब कागदावर टेकलेलीच राहायची आणि तिथे एक निळा ठिपका पसरत पसरत जायचा, मामा जाईपर्यंत. मग ती त्या ठिपक्याच्या पुढून अक्षर पूर्ण करायची. तिच्या वहीत असे ठिपके पानापानावर होते आणि मी त्यावर स्वच्छता ठेव असा शेरा देत होते की नाही हे आठवत नाही, पण कुणीतरी नक्कीच देत होतं, कारण लाल शाईत ते लिहिलेलं मला दिसतंय. किल्ल्यांचं काय होतं ते कुणालाच कधी कळलं नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात वर्तन या रकान्यात उत्तम लिहिलेलं असायचं.

लढणं, पळणं आणि गोठणं असे धोक्याला शरीराचे तीन प्रतिसाद सांगतात. शाळेला पहिले दोन त्रास देतात म्हणून शाळा त्यांचीच दखल घेते. जो गोठतो तो शाळेला सोयीचा असतो. फार तर स्लो आहे म्हणतील, लक्ष नसतं म्हणतील, स्वप्नाळू म्हणतील. आणि जो लढतो त्याच्यावर एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचा, शिक्का मारायला लोक टपलेलेच असतात. एडीएचडी ही खरी गोष्ट आहे, मी ती नाकारत नाहीये, दोन्ही एकाच मुलात असूही शकतं. पण सतत इकडेतिकडे बघणं, जागेवर न बसणं, सांगितलेलं लक्षात न राहणं, झोप नीट न होणं, ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात, आणि नुसतं वर्गातलं वागणं बघून फरक करता येत नाही. ज्याचं अर्धं लक्ष सतत दाराकडे आहे त्याच्या डोक्यात भागाकाराला जागा कुठून राहणार.

या सगळ्या विषयाकडे, म्हणजे लहानपणीच्या आघातांकडे, जगाचं मोठ्या प्रमाणावर लक्ष गेलं ते शाळेमुळे नाही, वजन कमी करायच्या क्लिनिकमुळे, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर अमेरिकेत सॅन डिएगोमधे कैसर पर्मनंटे या आरोग्यसेवा संस्थेत असं क्लिनिक चालवायचे. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन छान उतरतंय असेच लोक मधेच सोडून जातायत. म्हणजे यशस्वी होणारेच पळतायत. त्यांनी एकेकाशी बोलायला सुरुवात केली तर बऱ्याच जणांच्या लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले निघाले, आणि काहींसाठी जाडेपणा हे संरक्षण होतं, कुणी आपल्याकडे बघू नये म्हणून. डॉक्टरांना जो आजार दिसत होता तो त्या माणसांचा उपाय होता. त्यातून पुढे रॉबर्ट अँडा या दुसऱ्या डॉक्टरांबरोबर त्यांनी मोठा अभ्यास केला, १७,००० हून जास्त प्रौढ माणसं, आणि १९९८ मध्ये पहिला पेपर आला. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरात व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातल्या कुणाचा मानसिक आजार किंवा तुरुंगवास, आईवडील वेगळे होणं, अशा गोष्टी अठराव्या वर्षाच्या आत घडल्या का एवढंच विचारलं. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी किमान एक तरी सांगितली, आठातल्या एकाने चार किंवा जास्त. आणि ही माणसं बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेली, विमा असलेली. "चांगल्या घरातली मुलं" वगैरे जे आपण बोलतो ना, त्याचे तिथेच बारा वाजले.

चार किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांत दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, यातलं काहीच न घडलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट जास्त निघाला. पण याच आकड्यांचं नंतर भलतंच झालं, लोक ती प्रश्नावली घेऊन एकेका मुलाला मार्क द्यायला लागले, याचा स्कोअर सहा, मग याचं काही खरं नाही. शेवटी २०२० मध्ये खुद्द अँडा यांनीच लिहून सांगितलं की हा स्कोअर एकेका माणसाचं भविष्य ठरवायला वापरू नका, तो समाजाचा अंदाज घेण्यासाठी आहे. मला हे सांगावंसं वाटतं कारण शाळांमधे ट्रॉमा, म्हणजे मानसिक आघात, हा शब्द आता इतका सैल झालाय की मुलगा मस्तीखोर दिसला की ट्रॉमा, आणि एकदा ट्रॉमा म्हटलं की कुणी त्याचे कान तपासत नाही, वाचनाची अडचण बघत नाही. ऐकू न येणारं मूलही चिडतंच की.

आता शिक्षेचं. मी शाळेत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता, तो वर्षातला निम्मा वेळ वर्गाबाहेर उभा असायचा. खिडकीतून त्याचं अर्धं डोकं दिसायचं. आम्हा सगळ्यांना बाहेर उभं राहायची भयंकर भीती, आणि तो मात्र तिथे व्हरांड्याच्या खांबाला टेकून मजेत पायाच्या अंगठ्याने फरशीवर काहीतरी काढत असायचा. आज वाटतं की पूर्ण शाळेत त्याला श्वास घेता येईल अशी तीच जागा असणार. मग तो काहीतरी उद्योग करून तिथे जायचाच. पळणाऱ्याला बाहेर काढलं तर त्याला हवं तेच मिळतं, लढणाऱ्यावर ओरडलं तर त्याचा अंदाज बरोबर ठरतो, आणि सस्पेंड करून घरी पाठवलं तर, घरीच अडचण असेल तर, काय केलं आपण? आणि हे सगळं वर्षानुवर्षं त्याच मुलांवर होत राहतं, आणि कुणी विचारत नाही की ही शिक्षा जर लागू पडत असती तर पुन्हा पुन्हा द्यावी का लागली असती.

याच्या दुसऱ्या टोकाला आहेत ते प्रेमवाले. या मुलांना फक्त प्रेम द्या, जवळ घ्या, सगळं ठीक होईल. माझं यांच्याशी जास्त भांडण होतं, कारण हे ऐकायला छान वाटतं.

माया तर हवीच, पण मला जे वर्षानुवर्षं दिसत आलंय ते असं की या मुलांना मायेच्याही आधी अंदाज हवा असतो. आता काय होणार, नंतर काय होणार, ही बाई आज कशी असेल. वेळापत्रक बदललं, बदली शिक्षक आले, गॅदरिंगची प्रॅक्टिस म्हणून तास रद्द झाला, की बाकीची पोरं खुशीत आणि यांचा दिवस कोसळतो. सगळ्यात वाईट आठवडा कोणता तर मोठ्या सुट्टीच्या आधीचा. सगळे कुठे कुठे जाणार सांगत असतात आणि याच आठवड्यात काचा फुटतात. पहिल्यांदा कुणालाच संबंध लागत नाही, कारण आपल्या डोक्यात सुट्टी म्हणजे आनंद. ज्याच्यासाठी शाळेची घंटा ही दिवसातली एकमेव वेळेवर होणारी गोष्ट आहे त्याला सुट्टी कशी वाटत असेल याचा विचार करून बघा.

म्हणून जे उपयोगी पडतं ते फार बोअरिंग असतं. सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम लिहिणं आणि बदल असला तर त्याला आधी जाऊन सांगणं. मागून येऊन खांद्यावर हात न ठेवणं. डोक्यावर उभं राहून न बोलता शेजारच्या बाकावर बसून, एका बाजूने, हळू आवाजात बोलणं, आणि कमी बोलणं. भडका उडाला की तेव्हा प्रश्न नाहीत, समजावणं नाही, आधी पाणी, चक्कर, वेळ. बोलायचं ते नंतर, कधी कधी दुसऱ्या दिवशी. आणि नंतर बोलायचं मात्र नक्की, रंगपेटी उचलायची, ज्याला लागलं त्याची भरपाई करायची, ती सुटका नाही. कौतुक करायचं तर चारचौघांत नाही, आणि शाब्बास म्हणून नाही. मी पुढे कधीतरी त्याला वही परत देताना सहज म्हटलं, त्या बसमधे मागचं दार तू उलट्या बाजूला उघडतं असं काढलं होतंस ना. तो म्हणाला, उलट्या नाही, ते तसंच उघडतं. झालं, एवढंच. आमचं त्या चित्रावर बोलणं झालं ते इतकंच, आणि यावेळी काही फाटलं नाही.

याने खरंच काही बदलतं का, हा प्रश्न मलाही पडतो, विशेषतः शुक्रवारी दुपारी. तेव्हा मी एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासाची आठवण काढते. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेली ६९८ बाळं, त्यांचा पाठपुरावा त्यांच्या चाळिशीपर्यंत केला. त्यातली जी मुलं फार अवघड परिस्थितीत वाढली, गरिबी, भांडणं, घरात व्यसन किंवा मानसिक आजार, त्यातली साधारण एक तृतीयांश तरीही धडधाकट, कामाची, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा कुणीतरी एक टिकून राहणारं मोठं माणूस होतं. आईवडीलच असं नाही, आजी, शेजारीण, शिक्षक. याच्या जोडीला बुखारेस्टचा अभ्यास, रोमानियातल्या अनाथालयातली १३६ लहान मुलं, २००० च्या सुमाराला सुरू झालेला, त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून कुटुंबांमधे ठेवलं. ती सावरली, पण जितक्या लवकर कुटुंबात गेली तितकी जास्त सावरली. म्हणजे आशा आहे आणि घड्याळही आहे. आमच्याकडे मूल येतं तेव्हा त्या घड्याळात बरेच वाजून गेलेले असतात, हे मान्य करूनच काम करावं लागतं. मेंदू विशी ओलांडेपर्यंत घडत राहतो म्हणतात, त्यावर मी बरीच मदार ठेवून आहे.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय हे सगळं खोटं वाटेल. मला या मुलाचा राग येतो. गेल्या टर्मला त्याने फेकलेल्या कंपासपेटीचा कोपरा शेजारच्या मुलीच्या भुवईला लागला, टाके पडले. तिची आई आली, रडत नव्हती, ओरडतही नव्हती, फक्त विचारत होती की माझ्या मुलीने शाळेत घाबरून बसायचं का. तिला मी अमिग्डाला सांगणार होते का? ती मुलगी त्यानंतर कितीतरी दिवस नुसत्या पट्टीच्या आवाजानेही दचकायची. म्हणजे एकाची भीती बघता बघता दुसरीकडे गेली. त्याचं वागणं कुठून येतं हे समजलं म्हणून तिच्या भुवईवरची खूण पुसट होत नाही. आणि आमच्यातले जे शिक्षक रोज हे झेलतात तेही आतून झिजतात, झोप जाते, घरी आल्यावर स्वतःच्या मुलावर खेकसतात, यालाही आता नाव आहे, पण नावाने तास कमी होत नाहीत. शाळांना माणसं द्या, एक काउन्सिलर अख्ख्या शाळेला पुरत नाही, हे मी प्रत्येक मीटिंगमधे बोलते आणि ते प्रत्येक मीटिंगच्या मिनिट्समधे छान टाइप होतं.

आता वर्ष संपत आलंय आणि पुढच्या वर्गशिक्षकांना द्यायची माहिती लिहायचीय. त्याच्या घरचं त्यात काहीही लिहायचं नाही हे मी ठरवलंय, ते त्याचं आहे, आणि स्टाफरूममधे कागद फार फिरतात. फक्त वापरायच्या गोष्टी. दाराजवळची, भिंतीकडची जागा द्या. बदल असेल तर आधी सांगा. मागून हात लावू नका. सुट्टीच्या आधीचा आठवडा सांभाळा. त्याला उत्तर येतं, वेळ लागतो. ते सर चांगले आहेत, कडक आहेत, पण रोज सारखेच कडक, आणि मला उलट तेच बरं वाटतंय. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, मॅडम, एकाला दाराजवळ बसवलं की उद्या सगळ्यांनाच दाराजवळ बसायचंय, त्याचं काय करू? मी म्हटलं बसवा की आळीपाळीने, पण त्याला हलवू नका. त्यावर ते म्हणाले की मग ते आळीपाळीने कसं झालं. मुद्दा बरोबर आहे त्यांचा. सोमवारी पुन्हा बसणार आहोत, वर्गाचा नकाशा घेऊन.